धर्मगुरूंना वेळेवर बोलवा : आजारी आणि मरणासन्न माणसासाठी संस्कारांची तयारी

आपल्या कॅथलिक कुटुंबांत घरातले माणूस गंभीर आजारी पडले की डॉक्टर, औषधे, पैसा, रात्रीच्या पाळ्या या सगळ्यांची चर्चा होते; धर्मगुरूंना कधी बोलवायचे हा विषय मात्र कोणी उघडपणे काढत नाही. मी बरीच वर्षे पॅरिशतर्फे (आपल्या भागातील चर्चतर्फे) आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, नेण्याची सेवा करतो, आणि या काळात माझ्या पाहण्यात जी चूक सर्वांत जास्त वेळा आली आहे ती उशिराची आहे. मेणबत्ती नसली, प्रार्थना पाठ नसली तरी काही अडत नाही. उशिरामुळे मात्र पापनिवेदन (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली देऊन क्षमा घेणे) आणि कम्युनियन हे दोन संस्कार कायमचे हातचे जातात.

एका घरी मी दर आठवड्याला जात असे. आजारी गृहस्थ कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते, पण शुद्धीवर आणि बोलते होते. मुलीने मला दारातच सांगून ठेवले होते की, फादरांचे नाव काढू नका, बाबांना वाटेल आता सगळे संपले. एके दिवशी ती पाणी आणायला आत गेली तेव्हा त्या गृहस्थांनीच मला हळूच विचारले, "फादर कधी येणार आहेत? मी मुलांना म्हणत नाही, उगाच घाबरतील." दोघेही एकमेकांना जपत होते. मी ते मुलीच्या कानावर घातले, तरी बोलावणे गेले ते शेवटच्या रात्री, वेदनाशामकांच्या गुंगीत ते कोणालाही ओळखत नसताना. धर्मगुरूंनी त्यांना पवित्र तेलाने अभ्यंग केला, परंतु ज्या पापनिवेदनाची ते तीन आठवडे वाट पाहत होते ते राहूनच गेले. पुढचे सर्व मार्गदर्शन हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

रुग्णाभ्यंग कोणासाठी असतो

रुग्णाभ्यंग म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार. त्याविषयीच्या भीतीचे मूळ त्याच्या जुन्या नावात आहे. मध्ययुगापासून हा संस्कार हळूहळू मृत्युशय्येशी जोडला गेला आणि त्याला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणण्याची रूढी पडली. त्यामुळे तेलाची कुपी घरात आली म्हणजे आशा संपली, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मूळ आधार तसा नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि प्रभूच्या नावाने त्याला तेल लावावे, असे सांगितले आहे. तेथे माणूस आजारी आहे, मरायला टेकलेला नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हा संस्कार केवळ मृत्यूच्या दारातील माणसांसाठी नाही आणि त्याला रुग्णाभ्यंग म्हणणेच अधिक योग्य आहे, असे स्पष्ट केले, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा सुधारित विधी लागू केला.

आजाराने किंवा वार्धक्याने ज्याच्या जिवाला धोका निर्माण होऊ लागला आहे, त्या श्रद्धावंताला हा संस्कार घेता येतो, असे 1983 ची धर्मसंहिता, म्हणजे चर्चच्या कायद्यांचा संग्रह, सांगते. ‘होऊ लागला आहे’ या शब्दांकडे कृपया लक्ष द्यावे. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया करावी लागत असेल तर तिच्या आधी अभ्यंग घ्यावा. भूल दिल्यानंतरची घाई टाळण्यासाठी आदल्या दिवशीच घेतलेला बरा. विशिष्ट रोग नसला तरी वयोमानाने शरीर फार खचले असेल, तर वृद्धांना तो देता येतो. या संस्काराने बळ मिळते एवढे कळण्याइतके मूल जाणते असेल तर त्यालाही देता येतो, आणि गंभीर मानसिक आजारातही तो वर्ज्य नाही. सर्दीतापासाठी किंवा दात काढण्यासाठी मात्र तो नाही. आजार पुरेसा गंभीर आहे का, याचा काथ्याकूट करत बसण्याची गरज नसते. समंजस अंदाज पुरतो, आणि शंका असेल तर धर्मसंहितेचा कल संस्कार देण्याकडेच आहे.

आयुष्यात एकदाच अभ्यंग मिळतो, हाही एक चिवट गैरसमज आहे. बरे होऊन पुन्हा गंभीर आजारी पडल्यास, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावल्यास, तो पुन्हा घेता येतो. म्हणून ‘आत्ता घेतला तर शेवटी काय उरेल’ हा हिशेब मनातून काढून टाकावा. शेवटासाठी ख्रिस्तसभेने वेगळा संस्कार राखून ठेवला आहे, त्याकडे पुढे येऊच.

हा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक), धर्मभगिनी, माझ्यासारखे प्रापंचिक सेवक यांपैकी कोणालाही तो देता येत नाही, आणि रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाने 2005 मध्ये याबाबत पुन्हा एकदा स्पष्टीकरणही केले आहे. तीर्थक्षेत्राहून आणलेले तेल आपण श्रद्धेने आजाऱ्याच्या कपाळाला लावले तर त्यात वावगे काही नाही, पण त्याला रुग्णाभ्यंग म्हणू नये, आणि ‘तेल लावून झाले आहे’ म्हणून धर्मगुरूंना बोलवायचे टाळू तर अजिबात नये.

बोलावणे कसे द्यावे

फोन करताना रुग्णाचे नाव, वय, आजार, घर किंवा रुग्णालयातील मजला आणि खाट क्रमांक सांगावा. त्यानंतर तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात, कारण त्यांवरून धर्मगुरू सोबत काय घ्यायचे आणि किती घाई करायची हे ठरवतात : रुग्ण शुद्धीवर आहे का, त्याला बोलता येते का, आणि घास किंवा पाणी गिळता येते का. रुग्णालयात भेटीच्या वेळेचे किंवा संसर्गाचे नियम असतील तर तेही आधीच कळवावेत, म्हणजे दारावर वेळ जात नाही. रुग्णालयाचे स्वतःचे धर्मगुरू असतील तर परिचारिकेकडे विचारणा करावी. तेच बहुधा सर्वांत लवकर पोहोचतात.

मध्यरात्री फोन करण्याचा संकोच बाळगू नये. आपल्या पॅरिशचे धर्मगुरू बाहेर असतील तर शेजारच्या पॅरिशमध्ये किंवा एखाद्या मठात विचारावे. मृत्यूचा धोका असताना कोणताही धर्मगुरू, ज्याला एरवी पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नाही असासुद्धा, ग्राह्य पापक्षमा देऊ शकतो. रुग्णाचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा बळकट करणारा संस्कार) राहून गेले असेल तर अशा वेळी धर्मगुरू तेही देऊ शकतात. हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगायला विसरू नये.

काही कुटुंबे वेगळ्याच कारणाने थांबतात. रुग्ण वर्षानुवर्षे चर्चला गेलेला नसतो, त्याचा विवाह चर्चच्या नियमांबाहेर झालेला असतो, किंवा कुठल्या तरी जुन्या भांडणामुळे त्याने चर्चकडे पाठ फिरवलेली असते, आणि घरचे स्वतःच ठरवून टाकतात की फादर येणार नाहीत. हा निर्णय आपण करू नये. परिस्थिती जशी आहे तशी धर्मगुरूंना सांगावी आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे. रुग्णाने स्पष्ट नकार दिला असेल तर मात्र त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करण्याला कोणाची हरकत नसते.

आजाऱ्याला कसे सांगायचे, हा खरा अवघड भाग. ‘फादरांना बोलावू का?’ असे दबक्या आवाजात विचारले की माणूस नको म्हणतो. ‘पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, त्याआधी फादर येऊन प्रार्थना करतील आणि अभ्यंग देतील, गुरुवारी बोलावलंय’ असे नेहमीच्या सुरात सांगितले की बहुतेक जण मान डोलावतात, आणि काहींच्या चेहऱ्यावर तर सुटल्याची भावना दिसते. आजारपण लांबणार असे दिसताच दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन आणण्याची सोय लावून घ्यावी. धर्मगुरूंचे पाऊल घराला सवयीचे झाले की पुढची भीती निम्मी होते.

खोलीची तयारी

पलंगाजवळ एक लहान टेबल ठेवून त्यावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरावा. त्यावर क्रूस, मेणबत्ती, पवित्र पाणी, प्यायच्या पाण्याचा पेला, चमचा आणि थोडा कापूस ठेवावा. कापूस धर्मगुरूंना बोटांचे तेल पुसण्यासाठी लागतो. तो नंतर कचऱ्यात न टाकता जाळावा. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नये, हे मी प्रत्येक घरात सांगतो, कारण भक्तीच्या भरात नेमके हेच विसरले जाते. रुग्णाला कानाचे यंत्र आणि कवळी लावून द्यावी, टीव्ही आणि फोन बंद करावेत, आणि दोन्ही हात पांघरुणाबाहेर घ्यावेत. हाताला सुई लावलेली असेल तर ती दाखवून द्यावी.

धर्मगुरू आले की सर्वप्रथम त्यांना आणि रुग्णाला एकटे सोडावे. ‘आईला काही बोलता येत नाही, पापनिवेदन कशाला’ असे म्हणत खोलीतच उभे राहणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. बोलता न येणारा माणूस मान हलवून, हात दाबून, डोळ्यांनी उत्तर देऊन पापनिवेदन करू शकतो, आणि अगदी थकलेल्या माणसाने पापांचा मोघम कबुलीजबाब दिला तरी अशा वेळी तो पुरतो. खोलीबाहेर जाऊन दार लोटून घेणे एवढेच आपले काम.

त्यानंतर सर्वांना आत बोलावले जाते. बायबलचा छोटा उतारा वाचला जातो, थोडक्यात प्रार्थना होतात, आणि धर्मगुरू काही न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता काही क्षणांचीच असते, पण घरचे ती नकळत मोडतात. तेवढे मात्र टाळावे. पुढे ते आजाऱ्यांच्या तेलाने रुग्णाच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर अभ्यंग करतात आणि त्या वेळी, प्रभूने आपल्या प्रेमाने व दयेने पवित्र आत्म्याच्या कृपेद्वारे तुला साहाय्य करावे, तुला पापांतून मुक्त करून तारावे आणि उठवावे, अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. सर्वांनी ‘आमेन’ म्हणायचे असते. हे तेल ऑलिव्हचे किंवा अन्य वनस्पतीजन्य असते आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातील क्रिस्मा मिस्सात (पवित्र तेलांच्या मिस्सात) बिशपांनी आशीर्वादित केलेले असते. तेल संपले असेल तर निकडीच्या वेळी धर्मगुरू विधीतच नवे तेल आशीर्वादित करू शकतात. वेळ अगदी कमी असेल तर केवळ कपाळावरचा, आणि तेही शक्य नसल्यास शरीराच्या दुसऱ्या भागावरचा एकच अभ्यंग पुरतो. संसर्गाचा गंभीर धोका असल्यास हाताऐवजी एखाद्या साधनाने तेल लावण्याचीही मुभा आहे.

यातून काय घडते, असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. धर्मशिक्षण सांगते की रुग्णाला सोसण्याचे बळ, मनःशांती आणि धीर मिळतो, तो ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडला जातो, पापनिवेदन करणे त्याला शक्य झाले नसेल तर पापक्षमा मिळते, आणि त्याच्या तारणाला हितकारक असेल तर शरीरस्वास्थ्यही लाभते. अभ्यंगानंतर उपचार सुरूच ठेवायचे असतात. त्याला औषधाचा पर्याय समजणे जितके चुकीचे, तितकेच त्याला मरणाचा शिक्का समजणे चुकीचे.

घास लहान हवा

कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. रात्रभर जागलेल्या सुनेने किंवा मुलाने चहा घेतला म्हणून मागे राहू नये. त्यांनीही कम्युनियन घ्यावे, मात्र किती जण घेणार आहेत हे आधी कळवावे, कारण डबीत मोजकेच अंश आणलेले असतात.

गिळण्याच्या त्रासाबाबत बोलायला घरचे लाजतात, म्हणून मी स्वतःच विचारतो. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून रुग्णाला जमेल तेवढे बसते करावे. मग ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे कम्युनियनच्या भाकरीचा, तांदळाच्या दाण्याएवढा अंश चमचाभर पाण्यासह जिभेवर ठेवतात, आणि घसा हललेला दिसेपर्यंत थांबतात. घाईने दुसरा चमचा दिला की ठसका लागतो. डॉक्टरांनी पातळ पाण्याला मनाई केली असेल तर ते जे घट्ट पेय देऊ देतात ते हाताशी ठेवावे. घन अंश मुळीच जात नसेल तर धर्मगुरूंना आधी सांगावे. निकड असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपात, थेंबाथेंबाने, कम्युनियन देता येते. तोंडातून अंश बाहेर आला तर घाबरून जाऊ नये. तो स्वच्छ कपड्यात किंवा पाण्याच्या पेल्यात घेऊन कम्युनियन देणाऱ्याच्या हाती द्यावा. पाण्यात पूर्ण विरघळल्यावर ते पाणी मातीत ओततात. तोंडाने काहीच जात नसेल, तर मनातल्या मनात ख्रिस्ताला बोलावण्याची प्रार्थना त्याच्या कानाशी म्हणावी.

मरणाच्या वाटेवरील माणसाचा खरा संस्कार हाच, कम्युनियन. मृत्यूच्या धोक्यात दिलेल्या कम्युनियनला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात, म्हणजे प्रवासाची तरतूद. आपल्याकडे त्यासाठी ‘वाटेची शिदोरी’ हा नेमका शब्द रुळला आहे. त्याच दिवशी मिस्सात कम्युनियन घेतलेले असले तरी मृत्यूचा धोका उद्भवल्यास पुन्हा घेण्याची धर्मसंहिता आग्रहाने शिफारस करते, आणि धोका लांबला तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हापुन्हा घेता येते. शक्य असेल तर रुग्णाने बाप्तिस्म्याच्या वेळच्या वचनांचा पुनरुच्चार करायचा असतो. क्रम असा : पापनिवेदन, अभ्यंग, शिदोरी. पण वेळ हातात नसेल तर पापनिवेदनानंतर थेट शिदोरी देतात, आणि सवड उरली तरच अभ्यंग. ‘शेवटचा अभ्यंग तरी द्या’ असा धोशा लावणाऱ्या घरच्यांना हा क्रम सहसा चकित करतो.

म्हणूनच औषधांचे वेळापत्रक धर्मगुरूंच्या भेटीशी जुळवून घेणे फार महत्त्वाचे आहे. वेदना शमवण्यासाठी तीव्र औषधे घेण्यास ख्रिस्तसभेची हरकत नाही. मृत्यू घडवण्याचा हेतू नसेल तर, आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असली तरी, ती घेता येतात, असे पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच सांगितले होते. निष्फळ आणि असह्य ओझे ठरणारे उपचार थांबवता येतात. दयामरण मात्र कोणत्याही कारणाने मान्य नाही. परंतु शुद्ध हरपेल अशी गुंगी देण्यापूर्वी रुग्णाला आपली कर्तव्ये आणि आत्मिक तयारी पुरी करण्याची संधी मिळाली पाहिजे. ‘मात्रा वाढवण्याआधी आम्हाला तासभर द्या’ अशी विनंती डॉक्टरांना निःसंकोच करावी. ती समजून घेण्यात डॉक्टरांना सहसा अडचण येत नाही.

धर्मगुरू पोहोचले नाहीत तर

असे घडू शकते, आणि त्या घटकेला घरच्यांच्या हाती बरेच काही असते. रुग्णाच्या हाती क्रूस द्यावा किंवा त्याला दिसेल असा धरावा. देवावरील प्रेमापोटी पापांचा मनापासून पश्चात्ताप, आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय, यांनी गंभीर पापांचीही क्षमा मिळते, म्हणून पश्चात्तापाची प्रार्थना त्याच्यासोबत सावकाश म्हणावी. धर्मगुरू असतात तेव्हा ते मरणासन्न माणसाला पोपमहोदयांच्या अधिकाराने एक खास आशीर्वाद देतात, ज्याने क्षमेनंतरही उरणाऱ्या दंडापासून पूर्ण सुटका मिळते. ते नसतील तर, आयुष्यात काही ना काही प्रार्थना नेमाने करत आलेल्या आणि मनाची योग्य तयारी असलेल्या माणसाला ख्रिस्तसभा तेच दान आपणहून देते.

बाप्तिस्मा न झालेले बाळ मृत्यूच्या दारात असेल, तर कोणीही, अगदी परिचारिकाही, ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेला हेतू मनात धरून त्याच्या डोक्यावर पाणी ओतत ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ असे म्हणू शकते. पाणी ओतणारा आणि शब्द उच्चारणारा एकच असावा. नंतर पॅरिशला कळवून नोंद करून घ्यावी.

मरणासन्न माणसाजवळ लांबलचक प्रार्थना वाचू नयेत. ‘येशू’ हे नाव, स्तोत्राची एखादी ओळ, त्याच्या आवडीच्या संताचे नाव कानाशी सावकाश म्हणावे, मग थांबावे, पुन्हा म्हणावे. शुद्ध गेली तरी तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे. संतमालिका (संतांची नावे घेत करायची विनवणी) आणि ‘नमो मरिया’ घरातल्या कोणीही सांगावी. ‘नमो मरिया’त मरणाच्या वेळेचा उल्लेख आहेच, आणि आजवर हजारो वेळा म्हटलेले ते शब्द त्या दिवशी वेगळेच ऐकू येतात. या प्रार्थनांसाठी धर्मगुरूंची वाट पाहावी लागत नाही.

मृत्यू झाल्यानंतर अभ्यंग देत नाहीत, कारण संस्कार जिवंतांसाठी असतात. प्राण गेला आहे की नाही याचीच शंका असेल तर देतात. त्यामुळे उशिरा पोहोचलेल्या धर्मगुरूंनी केवळ मृतासाठी प्रार्थना केली तर त्यांनी काही नाकारले असे समजू नये. सर्वांनी मिळून मृताच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी आणि त्याला देवाच्या हाती सोपवणारी प्रार्थना म्हणावी. मग अंत्यविधीच्या मिस्साची वेळ ठरवण्यासाठी पॅरिशशी बोलावे. दहन करायचे असल्यास तेही सांगावे. ख्रिस्तसभेने 1963 पासून त्याला अनुमती दिली आहे, मात्र अस्थी विखुरू नयेत किंवा घरी ठेवू नयेत, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात, असे 2016 मध्ये पुन्हा सांगितले गेले आहे.

आणखी एक फोन करायचा असतो, जो गडबडीत हमखास राहतो : घरी कम्युनियन आणणाऱ्याला कळवावे आणि आजाऱ्यांच्या यादीतील नाव काढून घ्यावे. अन्यथा पुढच्या पहिल्या शुक्रवारी तो डबी खिशात जपून तुमच्या दाराशी उभा राहतो, जसा मी दोनदा राहिलो आहे, आणि दार उघडणाऱ्याला काय बोलावे ते सुचत नाही.